कोऱ्या जागेतलं शून्य

सत्तरच्या दशकाची अखेर होती. साताऱ्याहून येऊन मी सांगलीच्या एका संगणक केंद्रात कार्डं पंच करायच्या कामावर लागले होते. एका साखर कारखान्याच्या ऊसतोडीची यादी आम्ही काढून द्यायचो. प्रत्येक शेतकऱ्याचं एक जाड कार्ड, त्यावर गाव, गट आणि लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची, तारीख भोकं पाडून नोंदवायची. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी.

जुलैसाठी नियमाप्रमाणे शून्य सात पंच करायचं. मी मात्र शून्याची जागा कोरी सोडायची. हाताला ते सोपं पडायचं, आणि मशीन कोऱ्या जागेला शून्यच समजायचं. दोन वर्षं कुणाची तक्रार आली नाही.

त्या हंगामाआधी मुंबईहून टेपवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली. प्रोग्राम लिहिणाऱ्या साहेबांनी पाच-दहा कार्डं घालून पाहिली, सगळं ठीक निघालं. यादी छापून कारखान्याला गेली.

तोडी सुरू झाल्यावर एक बाई थेट आमच्या दारात आल्या. उंब्रजजवळच्या. नवरा फौजेत, शेती त्याच बघायच्या.

"आवं बाई, माज्या मागनं लागण केल्याली समदी तोडून गेली. माजं नावच न्हाई यादीत. आता तुरं आल्यात उसाला, वजन घटाय लागलंय."

साहेब म्हणाले, "तारीख चुकीची दिली असेल तुम्ही."

"न्हाई. लागण झाली आन् दुसऱ्या दिशी मालक रजा संपवून गेलं. ती तारीख मी कशी इसरंन?"

मी ट्रेमधून त्यांचं कार्ड काढून खिडकीशी धरलं. सातचं भोक होतं. त्याच्या अलीकडे काहीच नव्हतं. मग मी पंच केलेली बाकीची कार्डं पाहिली; एकआकडी महिन्यांची सगळी तशीच होती. साहेबांनी घालून पाहिलेली कार्डं दुसऱ्यांच्या हातची होती. नवी सिस्टीम कोरी जागा चूक ठरवून अख्खं कार्डच सोडून देत होती, आणि आमच्या जुन्या प्रोग्रामात ते कळवायची सोय नव्हती.

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कारखान्याला कळवू, प्रोग्राम नव्या सिस्टीमशी जुळला नाही म्हणून. त्यात खोटं काही नाही."

खोटं नव्हतंच. तरी ते पत्र टाइप होताना मला तिथं थांबवेना.

चार दिवस बसून मी ती सगळी कार्डं पुन्हा पंच केली. सुधारलेली यादी गेली, त्या बाईंचा ऊस तीन आठवडे उशिरा तुटला. पुढच्या रविवारी मी एसटीनं त्यांच्या गावी गेले. अंगणात त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. चूक माझी होती, हे मी त्यांना सांगितलं.

"मशिनीची न्हवं?"

"मशीनची रीत बदलली. पण शून्य मी सोडलं होतं."

त्यांनी शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली. "वजन घटलं बाई लय. पर सांगाया आलीस, त्ये बरं केलंस," एवढंच म्हणाल्या. नवऱ्याला पत्रात काय लिहायचं, याचा विचार त्या करत असाव्यात. मी थोडा वेळ त्यांच्याबरोबर शेंगा फोडल्या आणि परतीची गाडी धरली.

पुढे नोकरीत कितीतरी सिस्टीम बदलल्या. दर वेळी काहीतरी अडायचं आणि लोक नव्याला नावं ठेवायचे. जुनी सिस्टीम आपल्या कुठल्या चुका पोटात घालत होती, तेवढंच मी आधी शोधायला बसायची.