बशीतलं रक्त

"अंगठ्याचं टोक काढावं लागेल असं आत्ताच म्हणत नाही. पण हाडापर्यंत गेलंय," एक्स-रे खिडकीकडे धरून सर्जन म्हणाले. ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडाला झालेला जंतुसंसर्ग. मी उजव्या हाताने शिवणारी बाई. अंगठा नसला तर कात्री कशी धरायची, एवढाच प्रश्न सुचला आणि तोही विचारायचा धीर झाला नाही.

मला काही उमगेना, कारण माझ्या लेखी तो नुसता आंब्याचा चीक होता.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही मालगुंडचे. हे बोटीवर नोकरीला. आंब्याच्या दिवसांत शिलाई मशीन झाकून मीही पेट्या भरायला बसायचे. देठातून उडणारा चीक लागला की कातडी भाजते, आणि त्या दिवसांत असा डाग नसलेला माणूस आमच्या वाडीत शोधावाच लागेल. माझ्या अंगठ्यावरचा डाग फुटला आणि त्यातच शिवताना सुई गेली. थोरल्या नणंदेने, आमच्या वन्संनी, कोकमाचं तेल चोळलं. "चिकाचं काय मनावर घेतंस गो वैनी? खपली धरंल नि जाईल." मीही तेच धरून चालले होते, त्यामुळे त्यांना बोल लावायची सोय नाही.

अंगठा फुगला, नखाखाली पू झाला, ठणका खांद्यापर्यंत चढला. गावातल्या डॉक्टरांनी पेनिसिलीन दिलं. ताप हटेना. शेवटी वन्संना घेऊन एसटीने रत्नागिरीचं इस्पितळ गाठलं.

तिथे पू काढून कल्चरला पाठवला. कल्चर म्हणजे पू एका बशीत पसरायचा आणि त्यातून कुठला जंतू वाढतो ते बघायचं. हाताच्या शिरेतून रक्तही घेतलं. "कल्चर येऊ दे, मग अंगठ्याचं ठरवू," सर्जन म्हणाले. मग नुसतं बसणं. वन्सं बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी हकिगत सांगायच्या, दर वेळी थोडी वाढवून. माझाच आजार मला नवा वाटायला लागला.

पुन्हा रक्त द्यायला प्रयोगशाळेत गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला ती बशी दाखवली. काचेची, झाकणाची. आत लालभडक थर, त्यावर पिवळसर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लाल रंग पार नाहीसा होऊन उमटलेलं स्वच्छ कडं.

"हा तुमच्या अंगठ्यातला स्टॅफिलोकॉकस," त्या म्हणाल्या. "हा लाल थर रक्त मिसळून केलेला. हा जंतू अल्फा टॉक्सिन नावाचं विष सोडतो. विषाचे कण रक्तपेशीच्या पातळ आवरणावर येऊन गोल करून उभे राहतात आणि मधोमध आरपार भोक पडतं. त्यातून पाणी आत शिरतं, पेशी फुगून फुटते. त्याला हिमोलायसिस म्हणतात. हे कडं त्याचंच."

"भोक मिटत नाही?"

"कड त्या कणांचीच असते. सहजासहजी कशी मिटेल?"

एवढं मात्र मला चटकन कळलं. सुईचं भोक कापडात मिटून जातं. काजाचं मिटत नाही, कारण त्याच्या कडेने टाके घातलेले असतात. हा जंतू काजं करत सुटला होता.

पण कळलं म्हणूनच धसका घेतला. माझ्या हातातून रक्त काढलं होतं, म्हणजे बशीतलं रक्त माझंच. बशीत ही गत, तर अंगात काय चाललं असेल? विचारलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता. मी खाटेवर परत येऊन नखं निरखू लागले.

"वन्सं, माझा रंग उतरलाय काय हो?"

"मुळात व्हता कधी गो तुझा रंग?"

हसू आलं आणि रडूही.

या जंतूपुढे पेनिसिलीनचं काही चालत नाही, हे कल्चरमधून समजलं होतं. म्हणून क्लॉक्सासिलीनची इंजेक्शनं सुरू झाली. ताप उतरला, पण ठणका राहिला. मी पुन्हा गोंधळले. सर्जन म्हणाले, "जंतू मेले म्हणून त्यांनी केलेली नासधूस लगेच भरून येत नाही." मग बऱ्याच दिवसांनी दुसरा एक्स-रे पाहून त्यांनी माझा अंगठा हलकेच वाकवला आणि म्हणाले, "राहिला."

घरी जायच्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "माझं किती रक्त गेलं त्यात?"

त्यांना आधी कळेचना. मग म्हणाल्या, "बशीतलं रक्त तुमचं नव्हतं हो. रक्तपेढीतली मुदत संपलेली बाटली होती. कुणीतरी दान केलेली."

"कुणी?"

"ते आम्हाला नाही कळत."

तुमच्यावर अशी पाळी आली तर डॉक्टरांना विचारा, वेड्यासारखं वाटलं तरी विचारा. माझे ते दिवस फुकट भिण्यात गेले. पण त्या रक्ताचा विचार मनातून जात नाही. कुणीतरी बाही वर सारून ते दिलं, एखाद्या अडल्या माणसाला चढेल म्हणून. ते कुणाला चढलंच नाही. माझ्या जंतूंनी ते फोडलं आणि त्यावरून माझं औषध ठरलं. त्या माणसाला कुणी सांगितलं असेल की तुमची बाटली पडून राहिली, तर ते खरं नाही. आज सकाळीच मी एका सदऱ्याची काजं केली, उजव्या हाताने.