मी बाबांना दिलेलं ब्लडप्रेशर

माझ्या बाबांना पंधरा दिवस ब्लडप्रेशर होतं, आणि ते त्यांना मी दिलं होतं.

मी तेव्हा मेहकरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. कंपाउंडर म्हणजे बाटल्या धुणं, बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवणं आणि "साहेब जेवताहेत, बसा" असं सांगणं. (तिसरं काम मला उत्तम जमे.) वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे कुणाचंही मोठं काम निघालं की ते राजधानीत, नागपूरला निघे. डॉक्टरांच्या मेव्हण्याचं लग्नही तिथेच निघालं. दवाखान्याला कुलूप लावताना त्यांनी प्रेशर मोजायच्या यंत्राची पेटी माझ्या हातात दिली. "नारायण, हे नीट सांभाळ. आत पारा आहे."

मी ते इतकं नीट सांभाळलं की दुसऱ्याच दिवशी मोटारीनं दुसरबीडला घरी घेऊन गेलो.

यंत्र कसं चालतं ते मी दारातून पाहिलेलं होतं. दंडाला पट्टी गुंडाळायची, रबरी फुगा दाबायचा, काचेच्या नळीत पारा चढतो, चढला की आकडा वाचायचा. नंतर हवा सोडताना डॉक्टर कानात नळ्या घालून, मान वाकडी करून काय ऐकत बसतात, हे मात्र मला कळलं नव्हतं. सवय असेल असं मी धरून चाललो होतो.

पहिला मान बाबांचा. त्यांना बाजेवर बसवलं, जाड सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टी गुंडाळली आणि फुगा दाबला. वडील माणूस, म्हणून दोन वेळा जास्तच दाबला. पारा दोनशे वीसवर जाऊन उभा राहिला.

"किती आलं?" बाबांनी विचारलं.

"दोनशे वीस."

"मंग चांगलं हाये का?"

या आकड्याला डॉक्टर काय सांगत ते मला पाठ होतं. मी आवाज खाली आणला. "बाबा, आजपासून मीठ बंद. वावरात जानं बंद. अन् संताप बिलकुल करायचा नाही."

"कोनाचा संताप करतो बे मी?" बाबा एवढ्या जोरात बोलले की गोठ्यातल्या बैलांनी माना वर केल्या.

"हेच ते," मी म्हणालो.

बाबा घाबरले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं काही ऐकलं आणि मुकाट्यानं आडवे झाले. मला फार बरं वाटलं. (आज आठवलं की तेच जास्त लागतं.)

संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली. शेजारचे किसनबुवा आले. त्यांचं आणि बाबांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वर्षानुवर्षांचं भांडण. ते घरात पाय ठेवत नसत. पण यंत्रापुढे त्यांचं काही चाललं नाही. त्यांचा आकडा मी एकशे साठ वाचला.

"एकशे साठ? अन् तुह्या बापाचं दोनशे वीस?" किसनबुवांनी दंड काढून घेतला. "काऊन बे, मी काय कमी हावो का?"

वाद नको म्हणून मी पुन्हा पट्टी गुंडाळली आणि पारा दोनशे तीसपर्यंत नेला. किसनबुवा समाधानानं उठले, घरी गेले आणि त्यांनीही आपली बाज अंगणात टाकली. आता दोन अंगणांत दोन बाजा आणि त्यांवर दोन वैरी.

"कसं हाये परेशर?" किसनबुवा तिकडून विचारत.

"हाये तसंच. तुमचं?" बाबा इकडून म्हणत.

आमच्या ओसरीवर रोज माणसं येऊ लागली. मी दंडामागून दंड मोजत होतो. ओळखीच्या माणसाचा पारा जरा वर, अनोळखी माणसाचा जरा खाली. लोक मला 'डाक्टर' म्हणू लागले आणि मी ते कुणाला दुरुस्त केलं नाही.

या सगळ्यात घर चालवत होती माझी माय. वेचणीचे दिवस होते. बाबा बाजेवर, म्हणून कापूस वेचणाऱ्या बायांबरोबर वावरात ती जाई. परत येऊन बाबांसाठी बिनमिठाचं वेगळं रांधी, आमच्यासाठी मिठाचं वेगळं, आणि ओसरीवरच्या माणसांना चहा करून देई. विहिरीचं पाणी तीच भरी, बैलांचा चारा तीच टाकी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिनं कपाळाला फडकं बांधलं होतं. मी ते पाहत होतो. फडकं दिसत होतं. डोकं दिसलं नाही.

एकदा भाकरी थापता थापता ती ओसरीच्या दाराशी आली. कोपरापर्यंत पीठ लागलेलं. तसाच हात पुढे केला. "डोकं लई ठनकून राह्यलं रे नारायना. माह्यं बी पाह्य बरं जरासं."

"माय, हात धुऊन ये. पट्टी खराब होईन. साहेबाची हाये."

"हाव," म्हणून ती हात धुवायला गेली. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं, ती तिकडे धावली. माझ्यापुढे पाचजण बसलेले होते. ती परत आली नाही, आणि मी हाक मारली नाही.

पंधरा दिवसांनी डॉक्टर परतले. बाबांना बैलबंडीत गादीवर निजवून आम्ही मेहकरला नेलं. बिनमिठाची शिदोरी घेऊन माय सोबत होती.

डॉक्टरांनी बाबांना तपासलं, पुन्हा तपासलं. "एकशे तीस. यांना प्रेशर आहे असं कोण म्हणालं?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. डॉक्टर मला म्हणाले, "कसं मोजलं, दाखव."

मी दाखवलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "नारायण, तू त्यांचं प्रेशर नाही मोजलंस. तू स्वतःच्या मुठीचा जोर मोजलास."

बाबांकडे पंधरा दिवसांचा संताप साठलेला होता. तो त्यांनी तिथे सगळाच्या सगळा काढला. त्यांना आवरायला माय उठली आणि भिंतीला धरून तशीच उभी राहिली.

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं. पट्टी बांधली, कानात नळ्या घातल्या, ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी मला विचारलं, "गावात किती जणांचं मोजलंस?"

"साऱ्याइचंच, साहेब."

"आणि आईचं?"

बाबांचा आवाज बंद झाला.

मायचा आकडा दोनशे दहा होता, आणि तो खरा होता.

परत जाताना गादीवर माय निजली होती आणि बाबा बंडीमागून पायी चालत होते. पुढे विहिरीचं पाणी त्यांनी भरलं. लोक हसले, किसनबुवा सगळ्यांत जास्त हसले, पण बाबांनी कुणावर संताप केला नाही. माय त्यानंतर सात वर्षं जगली. शेवटच्या वर्षी तिला उजवा हात उचलता येत नव्हता.

डॉक्टरांनी मला नोकरीवरून काढलं नाही. महिनाभर रोज समोर बसवून ऐकायला शिकवलं. कोणता ठोका पहिला, कोणता शेवटचा, सगळं. मग दर रविवारी मी यंत्र घेऊन घरी जाऊ लागलो, या वेळी विचारून. मायच्या दंडावर पट्टी बांधायचो, ठोके नीट ऐकू यायचे, आणि आकडा जवळजवळ नेहमीच वाईट यायचा.

"किती आलं रे?" ती विचारी.

"कमी हाये, माय. एकशे चाळीस."

"मंग भाजीत चिमूटभर मीठ टाकू का आज?"

तिचा चेहरा इतका खुललेला असायचा की मी म्हणायचो, "टाक."

प्रेशर मोजण्यात एव्हाना अख्ख्या मेहकरात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. फक्त आकडा सांगता येत नव्हता.