रिंगणाला दार

अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली उचलून थेल्मा ग्रीनवुडचे दंड असे भरले होते, की तिने हात आडवा केला तर माणूस जागीच थांबायचा. म्हणूनच विल्फने तिला रिंगणाची राखण दिली होती.

नवरा गेला त्या वसंतात शेजारीण तिला ओढून टेकडीवर घेऊन गेली, आणि तेव्हापासून थेल्माचं वर्ष बेल्टेनपासून, म्हणजे मेमधल्या जाळाच्या जुन्या सणापासून, पुढच्या बेल्टेनपर्यंत चालायचं. दुपारी जाळ पेटायचा, पिठाने जमिनीवर मोठं रिंगण आखलं जायचं, आलेली माणसं आत बसायची आणि विल्फ बराक्लफ हातातली काठी उंचावून आवाहन म्हणायचा. ते पुरं होईपर्यंत रेघ ओलांडायची नाही, हा विल्फचा नियम. तो ब्याऐंशी वर्षांचा, जन्मभर दगड घडवलेला माणूस. टेकडीवरचा सण त्यानेच सुरू केला होता.

एका वर्षी सणाच्या मंडळातल्या ब्रायनीच्या डोक्यातून निघालं, की पाहुण्यांना कागद द्यायचे आणि काय आवडलं, काय खटकलं ते लिहून घ्यायचं. जूनमध्ये पबच्या मागच्या खोलीत मंडळ बसलं आणि ती एकेक कागद वाचू लागली. कुणाला नाच आवडला होता, कुणी मुताऱ्यांच्या नावाने खडे फोडले होते. मग एक निळ्या शाईतला कागद आला.

"मला दमा आहे. धूर अंगावर आला म्हणून मी उठले. कडेच्या बाईंनी हात आडवा धरला आणि म्हणाल्या, 'संपेपर्यंत बसायचं, बाळ.' मी बसले. परतताना नवऱ्याने गाडी सरळ दवाखान्यात नेली. पुन्हा येणार नाही."

थेल्माने हातातला काटा ताटलीत ठेवला.

"कोण होतं गं राखणीला त्या बाजूला?" ब्रायनीने विचारलं.

राखणीला चार बायका होत्या. तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. थेल्मा ताटलीकडे बघत राहिली.

"कोण होतं ते सोडा," विल्फ गुरकावला. "ही काय जत्रा आहे? वाटलं तेव्हा पाळण्यात बसा, वाटलं तेव्हा उतरा? धूर सोसत नसेल तर घरी बसावं माणसाने."

विषय तिथेच मिटला. थेल्माच्या मनातून मात्र तो जाईना. तिला ती बाई आठवत होती: लाल स्कार्फ, गळ्याशी धरलेला हात. त्या वेळी थेल्माला वाटलं होतं, पोरगी कंटाळली आहे. पुढे दुकानात कुणी खोकलं तरी थेल्मा मागे वळून बघू लागली. उन्हाळा तसाच गेला.

ऑक्टोबरच्या बैठकीत ब्रायनी पुन्हा अडून बसली. रिंगणाला एक दार ठेवायचं, बर्च झाडाच्या दोन काठ्या रोवायच्या, ज्याला जायचं त्याने तिथून जायचं. हात वर झाले ते पाच इकडे, पाच तिकडे. थेल्माचा हात मांडीवरच होता.

"झालं तर मग," विल्फ टोपी उचलत म्हणाला. "जसं आहे तसं."

"तो हात माझा होता," थेल्मा म्हणाली.

"काय?"

"त्या बाईला अडवलं ते मी. ती मरायला टेकली होती आणि मी तिला बाळ म्हणून खाली बसवलं. दार ठेवा, विल्फ. नाहीतर राखणीला दुसरं कुणी बघा."

विल्फने टोपी डोक्यावर चढवली. "मीच शिकवलं तुला ते, पोरी," एवढंच म्हणून तो निघून गेला.

पुढच्या मे महिन्यात दार झालं. पूर्वेला दोन काठ्या, त्यांना पिवळ्या फिती. सुरुवातीलाच ब्रायनीने सगळ्यांना ते हात करून दाखवलं. थेल्मा समोरच्या बाजूला, पश्चिमेला उभी होती. विल्फ आला होता, पण तिच्याशी बोलला नव्हता.

आवाहन निम्म्यावर आलं आणि वारा फिरला. जाळ आडवा झाला, करडा धूर जमिनीला लागून पूर्वेकडे गेला आणि दार त्यात दिसेनासं झालं. दोन-तीन माणसं उठली, त्या दिशेने चार पावलं गेली आणि तोंडावर बाही धरून परत फिरली. एका म्हाताऱ्या बाईला खोकल्याची उबळ आली. लोक एकमेकांना विचारू लागले, "दार कुठे आहे?" विल्फचा आवाज चालूच होता. त्याचे डोळे मिटलेले होते.

थेल्माच्या पायाशी पांढरी रेघ होती. दार इथे नव्हतं. तिने बुटाने पीठ फरफटून हातभर, मग दोन हात रेघ पुसली आणि शाळेत चारशे पोरांवर लावायची तो आवाज लावला.

"इकडे! सगळ्यांनी इकडे या! इथून बाहेर!"

विल्फ थांबला. एवढ्या वर्षांत आवाहन पहिल्यांदाच तुटलं होतं. माणसं तिच्या बाजूने बाहेर पडली. खोकणाऱ्या बाईला थेल्माने काखेत धरून गवतावर आणलं, पाणी पाजलं, तिचा श्वास जागेवर येईपर्यंत पाठ चोळली. सगळ्यात शेवटी विल्फ आला. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मोडलंस," तो म्हणाला.

"मोडलं."

तो काठीवर टेकून उभा राहिला. शब्द अर्धे राहिले होते आणि लोक त्याच्याकडे बघत होते. शेवटी तो गवतावरच, त्या खोकणाऱ्या बाईच्या शेजारी बसला आणि बसल्या बसल्या उरलेले शब्द हळू आवाजात म्हणू लागला. ऐकायला लोकांना जवळ सरकावं लागलं.

त्या वर्षीच्या कागदांवर तिघांनी लिहिलं, की शेवटचं काही ऐकूच आलं नाही. एकाने लिहिलं, की दार चुकीच्या जागी होतं. ब्रायनीने तो कागद वाचला, तेव्हा विल्फने चष्मा मागितला आणि स्वतः पुन्हा वाचला.

"वारा काय आपल्याला विचारून वाहतो?" तो म्हणाला. "चारी बाजूंना ठेवा. आणि राखणीला हीच."

त्याने थेल्माकडे पाहिलं नाही. ब्रायनीने चार दारं लिहून घेतली आणि पुढचा कागद उचलला. तो मुताऱ्यांबद्दल होता.