मी न उघडलेली फाइल

आमच्या तामलवाडीत वेळ अमावस्येला अख्खं गाव रानात जेवतं. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी मीही ज्वारीतल्या कडब्याच्या कोपीपाशी बसले होते, मांडीवर लॅपटॉप, हातात आंबिलीचा तांब्या. तेवढ्यात माझ्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती येडशीची, माझ्याकडं पीएचडीला. आमच्या क्ष-किरण उपग्रहाचा डेटा चाळायची.

"मॅडम, एक उसळी दिसायलीय. खरा तारा वाटायलाय."

लांबच्या ताऱ्याचे क्ष-किरण आले तरी आलेखावर उसळी येते, आणि अवकाशात भटकणारे कण आदळले तरी येते. पण किरण समोरच्या डिटेक्टरमध्येच अडकतात. कण आरपार जाऊन मागच्या डिटेक्टरलाही लागतात. म्हणून मागच्या डिटेक्टरची फाइल उघडायची. तिथं शांत असेल तर माल खरा. दोन मिनिटांचं काम.

कसली उघडतेय मी! चुलते "उंडे गार व्हायलेत" म्हणून ओरडत होते, आणि उपग्रह पृथ्वीभोवतीच्या कणांच्या पट्ट्याजवळून चाललाय एवढं मला माहीत होतं. वर माझा तापट स्वभाव. "प्रत्येक उसळीत तुला तारा दिसायला लागला तर झालंच कल्याण! कण आहेत, काढून टाक," म्हणाले आणि फोन ठेवला. भाज्यांची भज्जी दोनदा वाढून घेतली.

पुढं पाच-सहा महिन्यांनी परदेशातल्या लोकांनी क्ष-किरणांचा नवा स्रोत जाहीर केला. तोच दिवस, तीच वेळ, आकाशातली तीच जागा. तेव्हा कुठं मी मागची फाइल उघडली. सपाट! तिथं त्या पोरीचं नाव लागायचं होतं, ते मी घालवलं. तिला मात्र म्हणाले, "मागंही थोडं होतं गं, कुणीही फसलं असतं." धडधडीत खोटं. ती "व्हय मॅडम" म्हणाली. त्यानंतर एकही उसळी घेऊन तिचा फोन आला नाही. शंका आली की ती आपली आपणच उसळी काढून टाकायची.

यंदा तिला आग्रहानं रानात आणलं. जेवणं झाल्यावर हरभऱ्याच्या कडेला बसवून सगळं सांगून टाकलं. फाइल उघडलीच नव्हती, वर खोटं बोलले. लाजेनं मेल्यासारखं झालं होतं मला.

ती घाटे सोलत राहिली. "मी तवाच बघितली होती, मॅडम. तुम्हाला फोन करायच्या आधी. मागं काहीच नव्हतं."

"मग बोलली का नाहीस? भांडायचं की माझ्याशी!"

आवाज चढलाच माझा. कोपीतली माणसं वळून बघायला लागली.

ती मान खाली घालून म्हणाली, "असं ओरडल्यावर कसं भांडावं, मॅडम?"