गुळवेल घातलेला कोंडा

ओवा भाजल्याचा वास आला की लोणावळ्यात रुळांजवळ असलेला आमचा डुकरांचा गोठा मला दिसतो. माझं नुकतंच लग्न झालं होतं. ज्या पिलांवर घर चालायचं ती खोकू लागली, खंगली आणि एक दिवस त्यांनी कोंड्याला तोंडच लावलं नाही. माझ्या माहेरी, टाकव्याला, आजारी गुरांना गुळवेल देत. मी भीतभीत सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, देऊन बगू का?" "दे बाई, आता ऱ्हायलंय काय?" मग गुळवेल, लसूण आणि भाजलेला ओवा ठेचून मी रोज कोंड्यात कालवू लागले. एका सकाळी कोंड्याची पाटी घेऊन आत शिरले, तर पिलं अशी धावून आली की मी चिखलातच आपटले. सासूबाई ओरडल्या, "अगं, खात्यात! समदी खात्यात!" आणि चिखलात उतरून त्यांनी मला मिठीच मारली. आज म्हातारपणी हे सांगतानाही आनंदानं माझा आवाज चढतो.