धुरात टांगलेला विकी

ओतिलिया बार्रियाच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, एक जुना कॉम्प्युटर सतत घुरघुरत असायचा. बेटाचा विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचं संकेतस्थळ, त्याच्यावर चालायचा. चिलोए द्वीपसमूहातल्या त्या लहानशा बेटावरच्या कुणालाही त्यात लिहायची मुभा होती, आणि कामधंद्यासाठी दूर दक्षिणेला पुन्ता अरेनासला गेलेल्या पोरांनाही. मिल्काओच्या भाकरीसाठी कुठला बटाटा किसावा, पश्चिमेचा वारा सुटला की होडी कुठे बांधावी, कुणाची आजी कुठल्या घरातून आली, असं सगळं त्यात होतं. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं दुरुस्त करायचं आणि तिसऱ्यानं त्यावरून भांडायचं, अशी रीत पडली होती. ओतिलियाकडे काम एवढंच की तो जागता ठेवायचा. वीज गेली की पुन्हा सुरू करायचा, कुणी पासवर्ड विसरलं की नवा द्यायचा, कुणी रुसलं की समजूत काढायची. शाळेच्या ऑफिसात आयुष्य गेलेल्या बाईला यातलं काहीच नवीन नव्हतं.

तिचा नवरा एलिसेओ होडीवाला. जन्मभर मोजकं बोललेला माणूस, पण शेवटच्या आजारपणात त्याला या विकीचा नाद लागला. एका बोटानं टाइप करत त्यानं बेटाभोवतालचे प्रवाह, खडक, खाड्या सगळं लिहून काढलं. तो गेल्यावर ओतिलिया अधूनमधून ती पानं उघडून बसायची. वाचून पाठ झाली होती, तरी बसायची.

एलिसेओचं भांडण व्हायचं ते फक्त क्लेमेन्तिना नाउएल्किनशी. क्लेमेन्तिना म्हणजे ओतिलियाच्या मुलीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता. त्यामुळे दोघी बायका एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत, अगदी तोंड फिरवून बसल्या असल्या तरी. क्लेमेन्तिनाचे वडीलही जुने होडीवाले. खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडकाच्या डावीकडून होडी न्यायची, असं एलिसेओ लिही. संध्याकाळपर्यंत ती ते खोडून 'उजवीकडून' करी. सकाळी पुन्हा डावीकडून.

"विकीची एक प्रत दुसरीकडे ठेव गं," ओतिलियाची भाची म्हणायची.

"कशाला? माझ्या घरात आहे की. घर काय कुठे चाललंय?"

आणि नेमकं घरच हलवायची वेळ आली. समुद्रानं काठ खात खात थेट कुंपण गाठलं. मग मिंगा ठरली. मिंगा म्हणजे सगळ्या वाडीनं येऊन घराखाली ओंडके सारायचे, बैल जुंपायचे आणि लाकडाचं अख्खं घर ओढत वरच्या माळावर न्यायचं. पैशाचं नाव काढायचं नाही. घरधनिणीनं पोटभर जेवू घालायचं, आणि उद्या दुसऱ्याची वेळ आली की आपले हात घेऊन हजर व्हायचं. ओढायच्या आधी घर रिकामं करतात. ज्याच्या हाताला जे लागेल ते तो आपल्या घरी नेऊन जपतो.

"कॉम्प्युटर मी नेतो," बाल्देमार ओयार्सून म्हणाला. त्याच्याइतका जपून वागणारा माणूस बेटावर नव्हता. "पाण्याचा थेंब लागू देणार नाही, बाई. निर्धास्त राहा."

घर डुलत डुलत माळावर पोचलं. कुरान्तोसाठी खड्ड्यात दगड तापले, त्यावर शिंपले, मांस, बटाटे चढले, सफरचंदाच्या दारूचे पेले फिरले. पुढचे दोन-तीन दिवस चूल मांडण्यात आणि खिडक्या बसवण्यात गेले. मग ओतिलिया बाल्देमारकडे गेली.

त्याच्या मांस धुरावर सुकवायच्या खोपीत, पेटत्या लाकडांच्या वर, डुकराच्या मांड्या आणि वाळत्या शिंपल्यांच्या माळा यांच्या मधोमध तिचा कॉम्प्युटर दोरीनं छान बांधून टांगलेला होता.

"बाल्देमारदादा! अहो, ते मांस नाही हो!"

"माहितीये मला," तो जरा दुखावून म्हणाला. "पण ओल लागू नये अशी वस्तू आपण आणखी कुठे ठेवतो?"

बेटावर बियाण्यापासून लग्नातल्या बुटांपर्यंत सगळं तिथेच सुखरूप राहतं. कॉम्प्युटर उघडला तर आत डांबरासारखी काजळी. कास्त्रो शहरातल्या दुरुस्तीवाल्यानं मान हलवली. "डिस्क भाजून निघालीय, बाई. वास मात्र काय झकास येतोय!"

ओतिलियाकडे एक जुनी प्रत होती, पण ती एलिसेओनं लिहायला लागण्याच्या आधीची. त्याचा शब्दही तिच्यात नव्हता. तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. बाल्देमार रोज येऊन दारातच उभा राही आणि टोपी चुरगळत विचारी, "सुरू झाला का?" ती म्हणे, "होईल हो दादा, या, मिल्काओ खा."

शेवटी क्लेमेन्तिना आली. "कोमाद्रे, विकी कधी सुरू करतेस? एक चूक दुरुस्त करायचीय."

"संपला गं तो. जळाला. एलिसेओचं सगळं गेलं." एवढं म्हणून ओतिलिया चुलीत उगाच लाकूड सारत बसली.

क्लेमेन्तिना उठून गेली. परतली तेव्हा तिच्या काखेत लोकरी शालीत गुंडाळलेला लॅपटॉप होता.

"सगळं इथे आहे. कुणी काय बदललं, कधी बदललं, त्याच्यासकट."

"तुझ्याकडे कसं?"

"तुझ्या नवऱ्याचा मला काडीचा भरवसा नव्हता. उद्या म्हणाला असता, मी असं लिहिलंच नाही, तर पुरावा नको? रोज संध्याकाळी पानं उतरवून घ्यायचे. तिथे बटणच आहे तसं, सगळ्यांना दिसतं. तुम्ही कुणी दाबत नाही."

"पण कोमाद्रे, तो जाऊन किती दिवस झाले."

क्लेमेन्तिना शालीच्या घड्या घालू लागली. "सवय लागते एखाद्या गोष्टीची. भांडायला कुणी उरलं नाही, म्हणून काय सवय मोडायची?"

ओतिलियानं तिचे दोन्ही हात धरले, आणि बराच वेळ सोडले नाहीत.

भाचीच्या जुन्या कॉम्प्युटरवर पानं चढली. फोटो तेवढे त्या प्रतीत नव्हते. ते ज्याच्या त्याच्या फोनमधून परत आले, पुन्ता अरेनासहूनसुद्धा. ओतिलियानं आधी खडकाचं पान उघडलं. एलिसेओनं शेवटच्या बदलाशेजारी लिहिलं होतं, 'क्लेमेन्तिना, डावीकडून. हट्टी बाई.' ती मोठ्यानं हसली आणि मग रुमालाऐवजी ओल्या फडक्यानंच तोंड पुसत बसली.

"तुझ्या हातांची परतफेड कशी करू?" तिनं क्लेमेन्तिनाला विचारलं.

"विकी चालवायची चावी दे मला, तो पासवर्ड. आणि एक मशीन माझ्या घरी चालू दे. तुझ्या एकटीच्या घराचं काय सांगावं, आज इथे, उद्या तिथे."

"मलाही द्या की एक प्रत," बाल्देमार हळूच म्हणाला. "या खेपेला खिडकीत ठेवीन."

"दादा, तुम्हाला पहिली!" ओतिलिया म्हणाली, आणि खरंच दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विकी उघडला, तर खडकाचं पान बदललेलं. तिनं घाईघाईनं पान खाली सरकवलं. एलिसेओची 'डावीकडून'ची ओळ जागच्या जागी होती. तिच्याखाली नवी ओळ आली होती, 'भर भरतीला उजवीकडूनही जाता येतं. माझे वडील जात.'

प्रत्येक बदलाशेजारी 'आभार' असं एक बारीक बटण असतं. इतक्या वर्षांत ओतिलियानं ते सगळ्यांसाठी दाबलं होतं, फक्त क्लेमेन्तिनासाठी कधी दाबलं नव्हतं. तिनं पिठाचे हात पुसले आणि ते दाबलं.