दादा मागच्या सीटवर बसला

माझ्या थोरल्या भावाची गाडी सकाळी एक काम करते आणि दुपारी दुसरं. सकाळी तिच्या डिकीत हवेचे जड सिलिंडर असतात. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना समुद्राखाली नेणारे लोक ते पाठीला बांधतात, आणि दादा ते त्यांना पोचवतो. दुपारी तीच गाडी घरची होते.

सिलिंडर भरले की गाडी मागून दबायची. "कोंबडी अंड्यार बसली," असं दादाच म्हणायचा. खड्डा आला की टायर वरच्या पत्र्याला घासायचा. म्हणून त्याने मागे कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या. भरलेली गाडी सरळ उभी राहिली आणि तो खूश झाला.

मग आई त्या गाडीतून मिठबावला गेली. मिठबाव तिचं माहेर. तिथे तिची थोरली बहीण पक्षाघातानंतर अंथरुणावर आहे. आईची पाठ दुखरी, एसटी डॉक्टरांनी बंद केलेली. बहिणीकडे जायला दादाची गाडी हीच एक सोय. त्या दिवशी गाडी रिकामी होती, आणि रिकाम्या गाडीत त्या कडक स्प्रिंगा दबेचनात. गरज पडली तर आडवं होता यावं म्हणून आई मागे बसलेली; वाटेतलं आचरा येईपर्यंत तिने पुढची सीट दोन्ही हातांनी धरली होती. घरी आल्यावर ती आडवी झाली ती लवकर उठलीच नाही.

"ह्येच्यापरास आमची बैलगाडी बरी होती," ती म्हणाली. "बैल निदान खड्डो बघून चलत. आता माका मिठबावाक जावक जमाचा नाय. ताईक फोनवरच भेटतंय."

बैलांच्या गोष्टीवर मी हसलो. दादा हसला नाही. सुट्टीच्या दिवशी मला बरोबर घेऊन तो कुडाळच्या गॅरेजमध्ये गेला.

"रिकामी मऊ व्हयी, भरलेली कडक व्हयी," मेकॅनिक म्हणाला. "एकाच स्प्रिंगीत दोन्ही खंय मेळतला?" त्याने गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा परत बसवल्या आणि प्रत्येकीच्या आत हवेची एक जाड पिशवी घातली. पिशव्यांची नळी मागे नंबरप्लेटजवळ काढली. ओझं असलं की सायकलच्या पंपाने हवा भरायची, नसलं की सोडायची.

सोबतचं पत्रक इंग्रजीत होतं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि त्यातली बरीचशी वर्षं मी दादाच्याच मोटारसायकलवर मागे बसून कॉलेज गाठलेलं. मी पत्रक मराठीत सांगत गेलो. पिशवी पूर्ण रिकामी ठेवायची नाही, नाहीतर ती चिमटते, हे ऐकून त्याने मला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. पण आईसाठी हवा नेमकी किती, हे पत्रकात कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी दादाने किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः मागे, आईच्या जागी, तिची उशी पाठीला लावून बसला.

"मी चालवतंय तशीच चालव."

मी निघालो. मी हायस्कूलात शिकवतो, त्यावरून चिडवायची संधी त्याने सोडली नाही. "मास्तर, वर्गात फिरल्यासारखी नको. जरा दाब."

घराकडून शाळेपर्यंतचा रस्ता, मग गतिरोधक, मग परत. तो उतरायचा, थोडी हवा सोडायचा, पुन्हा बसायचा. गाडी चांगलीच मऊ झाली, तरी त्याचं समाधान होईना. शेवटच्या फेरीत गतिरोधक गेल्यावर त्याने मला गाडी थांबवायला लावली.

"आता हवेचो दोष नाय रे," तो म्हणाला. "मीच ब्रेक उशिरा मारतंय. पुढे बसणाऱ्याक गतिरोधक दिसता. पाठी बसणाऱ्याक नुसतो दणको."

इतकी वर्षं तो गाडी चालवतो, पण स्वतःच्या गाडीत मागे बसण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. धाकट्या भावाला हे सांगताना त्याला जराही अवघड वाटलं नाही. मला ते जमलं असतं का, मला माहीत नाही.

आई मोठ्या मिनतवारीने "एकदाच" म्हणून बसली. दादा गतिरोधकाच्या कितीतरी आधी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत होता. आचऱ्याला मी मागे पाहिलं, तर आईचे हात मांडीवर होते आणि ती कुणाचं भात कापून झालं ते बघत होती.

मिठबावला ती स्वतः उतरली, थेट मावशीच्या खाटेपाशी गेली आणि तिच्या डोक्याला तेल लावायला बसली. तेवढ्यात दादा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आला.

"ताई, तेल संपत इला," आई म्हणत होती. "पुढच्या येळेक मी घेवन येतंय."

दादा तांब्या घेऊन तसाच उभा राहिला.